गाठ दिसली, पाय सुजला? चोळण्याआधी आणि कापण्याआधी तपासणी करा

वटार (ता. वसई) : मानेवर किंवा मांडीत गाठ हाताला लागली, एका पायाची पोटरी अचानक सुजली, की घरात पहिला उपाय ठरलेला असतो. तेल लावून चोळायचं, लेप बांधायचा, नाहीतर "लहानशीच आहे, कापून टाकू" म्हणायचं. बहुतेक गाठी साध्या चरबीच्या निघतात, हे खरं आहे. पण काही गाठी रक्तवाहिनीच्या असतात, काही कर्करोगाच्या, आणि पायाची सूज कधी कधी शिरेत गोठलेल्या रक्तामुळे येते. नुसत्या हाताने चाचपून यातला फरक नेहमी कळत नाही. त्यासाठी आतलं चित्र लागतं. कोणत्या त्रासाला कोणती तपासणी करतात आणि जाताना काय सांभाळायचं, याची ही माहिती.

एकच पाय सुजला तर

बाळंतपण, ऑपरेशन, लांबचा प्रवास किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर तो पाय चोळू नये. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीवावर बेतू शकतं. अशा वेळी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करतात. डॉक्टर यंत्राचा दांडा शिरेवर दाबतात. चांगली शीर दाबली की पूर्ण मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. सुई नाही, भूल नाही. गुठळी लवकर सापडली तर बहुतेकांचं रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर भागतं.

डॉप्लरच्या पडद्यावर लाल आणि निळा रंग दिसतो. लाल म्हणजे चांगलं रक्त, निळं म्हणजे खराब, असं नाही. रक्त दांड्याच्या दिशेने येतंय की लांब जातंय, एवढंच तो रंग सांगतो.

विडी-तंबाखू आणि काळी पडणारी बोटं

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं, पायाची बोटं गार पडतात, जखम भरत नाही – ही धमनीत रक्त कमी जात असल्याची लक्षणं आहेत. मधुमेह असणाऱ्यांत आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ती जास्त दिसतात. विडी ओढणाऱ्या तरुणांना होणारा 'बर्जर' नावाचा आजारही असाच आहे. आधी डॉप्लर, मग गरज पडली तर शिरेतून औषध सोडून अँजिओग्राफी करतात. रक्त कुठे अडलंय ते त्यात दिसतं. बर्जरमध्ये तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपचार. ती चालू राहिली तर बोट, पुढे पायही कापावा लागू शकतो.

नाडीसारखी उडणारी गाठ

गाठीवर हात ठेवल्यावर ठोके लागत असतील, तर तिला सुई लावू देऊ नका, कापू देऊ नका. ती फुगलेली धमनी असू शकते. पोटातली मुख्य धमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. ती 3 च्या वर गेली की फुगलेली धरतात. पुरुषांत साडेपाचच्या आसपास पोचली की ऑपरेशनचा विचार होतो. हे माप साध्या सोनोग्राफीतही घेता येतं.

जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या बाजूला एक दुर्मीळ गाठ येते. ती आडवी हलते, पण वर-खाली हलत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला ती चिकटलेली असते आणि तिच्यात खूप रक्त खेळतं. आधी डॉप्लर आणि सिटी अँजिओग्राफी न करता हात घातला तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

लिव्हरमध्येही रक्तवाहिन्यांची गाठ सापडते, बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. सिटी स्कॅनमध्ये सोडलेलं औषध तिच्यात कडेकडून हळूहळू आत भरत जातं, त्यावरून ती ओळखू येते. अशा बहुतेक गाठींना काहीच उपचार लागत नाहीत.

न दुखणारी गाठसुद्धा दाखवा

दुखत नाही म्हणजे साधी, हा समज चुकीचा आहे. गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोल असेल किंवा काढल्यावर परत आली असेल तर वेळ घालवू नये. मांसातल्या अशा गाठीला आधी सोनोग्राफी, मग एमआरआय आणि त्यानंतर बायोप्सी, असा क्रम असतो. तपास न करता काढलेली गाठ कर्करोगाची निघाली, तर पुढचं ऑपरेशन मोठं आणि अवघड होतं.

वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे दुखतोय, रात्री जास्त दुखतोय, सूज आहे, तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून हाडवैद्याकडे नेऊ नका. आधी साधा एक्स-रे काढा. हाडाच्या कर्करोगाची पहिली खूण बऱ्याचदा त्यातच दिसते.

पेट-सिटीमध्ये जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. पण टीबीची गाठही तशीच चमकते. म्हणून कर्करोगाचं निदान नुसत्या फोटोवर पक्कं करत नाहीत. बहुतेक वेळा बायोप्सी लागतेच.

तपासणीला जाताना

- सिटीसाठी शिरेतून औषध देणार असतील तर किडनीचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वीची ॲलर्जी आणि गर्भारपण आधीच सांगा. बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात.
- एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, पण मोठं चुंबक असतं. पेसमेकर, शरीरातली पट्टी, क्लिप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगा.
- नुसता रिपोर्ट नको. फिल्म आणि सीडीही मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर मूळ चित्र बघतात, तीच तपासणी परत करायचा खर्च वाचू शकतो.
- बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही सांभाळा.

कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून करा आणि तिथून चिठ्ठी घ्या. पुढे जावं लागलं तर विरार किंवा नालासोपाऱ्याहून लोकलने दादरला उतरून परळला जाता येतं. 1926 पासूनचं केईएम आणि 1941 पासूनचं टाटा मेमोरियल, दोन्ही हॉस्पिटलं तिथे एकमेकांजवळ आहेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. कोणती तपासणी योजनेत बसते, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा. हेल्पलाइन 155388.

तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर मात्र चिठ्ठीची वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सिटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावंच लागतं. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, 108 ला फोन लावा आणि सिटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच न्यायला सांगा. अचानक छातीत दुखून दम लागला किंवा पाय एकाएकी गार, पांढरा पडला तरी हाच नंबर लावा.