कर्ण्यापासून कंडेन्सरपर्यंत

कामगार-चळवळीतल्या माणसाने मायक्रोफोनवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण सभा काय, मैफल काय, दोहोंचा जीव त्या एकाच यंत्रात अडकलेला असतो. आणि त्याची निवड चुकली म्हणजे काय हरवते, हे आम्ही पदरचे गमावून शिकलो आहो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सरावलीत भजनाची एक रात्र झाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले गडी पाळी संपवून टाळ घेऊन बसले होते. ध्वनिमुद्रणाचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आणि लाउडस्पीकरच्या पेटीतूनच एक तार ओढून उरकले. पुढे ऐकतो तो बुवांचा आवाज स्वच्छ, पण मागचे टाळकरी जवळजवळ नाहीतच! त्यांत आमचा एक जुना सहकारी होता. वर्षभरात तो गेला. घरच्यांनी ते मुद्रण मागितले, तेव्हा त्यात त्याचा आवाज कोठे आहे हे आम्हांला दाखवता आले नाही.

या उणिवेचा इतिहास जुना आहे. 1902 साली ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांच्या तबकड्या निघाल्या. त्या काळी मुद्रणात वीज नव्हती. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे. त्या जोरावरच सुई मेणात रेघ ओढी. सुमारे तीन मिनिटांत राग आटपायचा. तंबोऱ्यासारखा हळुवार नाद त्यात टिकणे कठीण, मग समुदायाची गोष्टच नको. भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची तबकडी आपल्यापाशी नाही.

पुढचे पाऊल 1916 सालचे. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. त्याचे मर्म सोपे आहे. एक अतिशय पातळ पडदा, त्यामागे एक धातूची चकती आणि दोहोंत विजेचा भार. आवाजाने पडदा हलतो, अंतर कमीजास्त होते, त्याबरोबर विजेचा दाब बदलतो. पडदा हलका, म्हणून क्षीण नादही तो मानतो. 1925 पासून विजेच्या मुद्रणाचा प्रसार झाला, 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही.

1928 साली बर्लिनला गेऑर्ग नॉयमान यांनी कंडेन्सर मायक्रोफोन बाजारात आणला. त्याच्या पुढल्या आवृत्तीत डोके बदलण्याची सोय झाली. 1966 च्या केएम 84 ला आवाजाच्या तारेतूनच 48 व्होल्ट वीज मिळू लागली. 1969 साली व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा सी 451 आला. त्याचा दांडा एक आणि डोकी अनेक. जसे काम तसे डोके फिरवून बसवावे.

आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्यांना हीच व्यवस्था परवडते. आधी दोन दांडे आणि दोन 'कार्डिऑइड' डोकी घ्यावी. ही समोरचे ऐकतात आणि मागचे बरेच टाळतात. लाउडस्पीकर त्यांच्या पाठीशी ठेवता येतो. पुढल्या वर्षी दोन 'ओम्नी' डोकी घ्यावी. ती चहूंकडचे ऐकतात आणि पखवाजाचा खर्ज भरून घेतात. मात्र जागा शांत आणि तिचा घुमारा चांगला हवा. पत्र्याच्या मंडपात, शेजारी पंखे असता, ओम्नी लावणे म्हणजे पंख्याचेच मुद्रण करणे होय. कार्डिऑइडची जोडी टाळकऱ्यांपुढे 17 सेंटिमीटर अंतराने आणि 110 अंशांच्या कोनात लावावी. फ्रेंच नभोवाणीची ही रीत आमच्या कामी आली आहे. आपली हवा खारी आणि ओली. दमट पडदा तडतडतो. म्हणून काम झाले की डोकी ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी.

आमच्या मंडळाने अलीकडे अशी पहिली जोडी घेतली. तेव्हा कोणी विचारले, "बुवांपुढे एक असता आणखी दोन कशाला?" सभेतही हाच प्रश्न असतो. व्यासपीठावरचा एक बोलतो, त्याचे टिपले जाते. खालून हजार जण साथ देतात, त्यांचे वाऱ्यावर जाते. बुवांचा आवाज टिकवायला एक मायक्रोफोन पुरेल. आम्हांला ती दोन डोकी टाळकऱ्यांसाठी हवी होती. आमच्या सहकाऱ्याच्या घरी द्यायला आमच्यापाशी अजून काही नाही. यापुढे कोणाच्या दारात तसे रिकाम्या हाताने उभे राहावे लागू नये, एवढेच आम्ही पाहत आहो.