यंत्राची हजेरी : संगणकातील उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञांचा इतिहास

१

खानदेशच्या इतिहासात धरणगावचे नाव दोन संस्थांच्या निमित्ताने येते. १६७४ मध्ये येथे इंग्रजांची वखार होती व पुढील वर्षी, १६७५ मध्ये, मराठ्यांच्या स्वारीत हे गाव लुटले गेले. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम याने भिल्ल पलटणीच्या उभारणीचे काम याच गावी आरंभिले. वखार आणि पलटण या संस्था स्वभावतः अगदी भिन्न होत. परंतु एक प्रश्न दोहोंनाही चुकत नाही : आपल्यापाशी या घटकेस नेमके काय आहे? वखार हा प्रश्न वहीने सोडविते, पलटण हजेरीने सोडविते. वहीत आधी लिहून ठेवलेले असते व ते खरे मानून चालावयाचे असते. हजेरीत प्रत्येकास पुकारावयाचे असते व जो ओ देईल तोच उपस्थित समजावयाचा असतो. या दोहोंच्या जोडीला मराठी दप्तरात तिसरा एक प्रकार आढळतो, तो कैफियतीचा. संबंधित इसमाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत ती कैफियत.

संगणकात कोणकोणती उपकरणे आहेत हे सांगणाऱ्या आज्ञांचा इतिहास याच तीन प्रकारांच्या आधारे मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर तांत्रिक दिसतो. तथापि पुरावा कशास म्हणावे आणि नाव व वस्तू यांचा संबंध काय, हे इतिहासाचे व भाषाशास्त्राचे दोन जुने प्रश्न त्यात जसेच्या तसे उभे राहतात.

२

प्रथम वहीचा काळ. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडविली. तीत प्रत्येक उपकरणास धारिकेचे रूप देण्यात आले व या धारिका 'डेव्ह' नावाच्या एका कप्प्यात ठेवण्यात आल्या. धारिकांची नावे दाखविणारी 'एलएस' ही आज्ञा तेथे चालविली की उपकरणांची नामावळी समोर येई. पुढे निघालेल्या अनेक आज्ञांच्या नावांत जे आद्य 'एलएस' दिसते, ते हेच.

परंतु ही नामावळी उपकरणांची नव्हती, नावांची होती. धारिका कोणी तरी हाताने निर्माण केलेली असे. तिच्यामागे यंत्र असो वा नसो, नाव कायम राही. लिनक्स प्रणालीत तर पुढे असा प्रसंग आला की, कधी काळी कोणी जोडील या अपेक्षेने हजारो नावे या कप्प्यात भरून ठेवलेली असत आणि प्रत्यक्ष यंत्रात त्यांतील मोजकीच उपकरणे असत. वहीतील माल आणि वखारीतील माल यांत अंतर पडावे तसाच हा प्रकार होय. या दोषावर २००३ मध्ये एक महत्त्वाचा उपाय निघाला. त्या वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' ही योजना पुढे आणली व जे उपकरण खरोखर हजर आहे त्याचीच धारिका निर्माण व्हावी अशी व्यवस्था केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत पॅट्रिक मोशेल यांची 'सिसएफएस' ही रचना समाविष्ट झाली. उपकरणांचा परस्परसंबंध तीत वृक्षरूपाने मांडलेला असतो.

३

हजेरी घ्यावयाची तर पुकारल्यावर ओ देण्याची शक्ती उपकरणात असावी लागते. प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांतील 'आयएसए' वाहिनीवर बसणाऱ्या कार्डांना ती नव्हती. कार्ड कोणत्या पत्त्यावर आहे हे त्यावरील लहान खुंट्या बदलून ठरवीत आणि प्रणालीस ते अंदाजाने शोधावे लागे. ज्या पत्त्यावर अमुक कार्ड सामान्यतः असते तेथे चाचपून पाहावयाचे, एवढाच उपाय होता. तेथे भलतेच कार्ड असेल तर यंत्र जागच्या जागी ठप्प होई. म्हणूनच लिनक्स सुरू करताना, अमुक पत्ते चाचपू नयेत, असे बजावून ठेवण्याची सोय करावी लागली होती.

१९९२ मध्ये इंटेलने 'पीसीआय' ही वाहिनी प्रसिद्ध केली आणि ही अडचण मुळातच नाहीशी झाली. या वाहिनीवरील प्रत्येक उपकरणापाशी २५६ बाइटांची एक ओळखपट्टी असते. तिच्या आरंभीचे सोळा बिट उत्पादकाचा क्रमांक देतात, पुढचे सोळा उपकरणाचा. हजेरीची रीतही ठरलेली आहे. जास्तीत जास्त २५६ वाहिन्या, प्रत्येक वाहिनीवर ३२ जागा आणि प्रत्येक जागी ८ कार्ये, अशा क्रमाने पुकारा होतो. जेथे कोणी नसेल तेथून सोळाही बिट 'एक' असे उत्तर येते. हा क्रमांक कोणाही उत्पादकास दिलेला नाही. गैरहजेरीसाठी राखून ठेवलेली ही खूण होय. मौन हेच उत्तर मानावयाचे, पण त्या मौनासही निश्चित चिन्ह असावयाचे, ही कल्पना भाषाशास्त्रातील शून्यप्रत्ययाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

ही हजेरी मनुष्यास वाचता यावी म्हणून प्राग येथील मार्टिन मारेश यांनी 'एलएसपीसीआय' ही आज्ञा लिहिली. तिच्या हक्कनोंदीत १९९७ पासूनची वर्षे आहेत. १९९६ मध्ये 'यूएसबी' जोडणी आली व तिच्यासाठी टोमास सायलर यांनी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा रचली. लिओनेल व्हॅन्साँ यांच्या 'एलएसएचडब्ल्यू' या आज्ञेने निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र केली. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. एलएसपीसीआय ही आज्ञा सामान्यतः स्वतः पुकारा करीत नाही. पुकारा प्रणालीच्या गाभ्याने आधीच केलेला असतो व ही आज्ञा तो हजेरीपट वाचून दाखविते. स्वतः पुन्हा पुकारा करण्याची सोय तीत आहे, परंतु सदोष उपकरणांमुळे त्या प्रयत्नात यंत्र क्वचित बंद पडू शकते, असा इशारा तिच्याच जुन्या माहितीपत्रकात दिलेला होता.

४

आता नावांचा प्रश्न. उपकरण स्वतःचे नाव सांगत नाही, आकडा सांगते. इंटेलचा उत्पादक-क्रमांक षोडशमान पद्धतीने ८०८६ असा लिहितात. १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरची ही आठवण होय. पण असा अर्थवाही आकडा हा अपवाद आहे. बहुतेक आकडे यादृच्छिक असतात आणि त्यांस नाव मिळते ते 'पीसीआय डॉट आयडीज' या सार्वजनिक यादीतून. जगभरचे वापरणारे तीत भर घालतात व तपासणीनंतर नोंद स्वीकारली जाते. आज्ञेस 'एन' हे चिन्ह जोडले की नावे गळून केवळ आकडे उरतात. हे 'एन' दोनदा जोडले तर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. यादीत जे नाही ते उपकरण हजर असूनही अनाम राहते. फेर्दिनां द सोस्यूर यांनी शब्द व अर्थ यांचा संबंध समाजाच्या संकेतावर अवलंबून आहे असे प्रतिपादिले. त्या संकेताची लेखी प्रत पाहावयाची असेल तर ही यादी पाहावी.

संकेत म्हटला की तोतयेगिरी आलीच. मोगल लष्करात मनसबदार हजेरीपुरते उसने घोडे आणीत. यावर उपाय म्हणून अकबराच्या काळात घोड्यास डाग देण्याची व स्वाराचा 'चेहरा' लिहून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. १६०१ मध्ये खानदेश मोगलांकडे गेला, तेव्हा हीच लष्करी व्यवस्था येथेही आली. यूएसबी उपकरणाचा उत्पादक-क्रमांक हा असाच एक डाग होय आणि तो बनावटही देता येतो. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीने आपल्या चिपांच्या नकला ओळखून त्यांचा उपकरण-क्रमांक शून्य करून टाकणारा चालक वितरित केला. ज्यांनी अजाणता नकली चिप असलेली वस्तू घेतली होती त्यांची उपकरणे एकाएकी निरुपयोगी झाली व पुष्कळ वाद माजला. डाग पुसला की घोडा तबेल्यात उभा असूनही हजेरीतून नाहीसा होतो.

५

कैफियतीचे उदाहरण 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा. यंत्राचा उत्पादक कोण, अनुक्रमांक काय, रॅमच्या पट्ट्या किती, हे उत्पादकाने मूळ पटलावर नोंदविलेले असते. ही आज्ञा ते वाचून दाखविते व प्रत्यक्षाशी त्याचा मेळ घालीत नाही. ही माहिती पुष्कळदा अपुरी वा चुकीची असते, अशी स्पष्ट कबुली तिच्या माहितीपत्रकातच आहे. आपल्या साधनाची मर्यादा इतक्या निःसंकोचपणे सांगणारे संपादक ऐतिहासिक लेखसंग्रहांनाही लाभावेत.

वहीही अद्याप संपलेली नाही. 'ओपन फर्मवेअर' या १९९४ च्या मानकातून आलेली उपकरणवृक्षाची पद्धत भ्रमणध्वनीत व लहान पटलांत रूढ आहे. एकाच चिपेत बसविलेल्या पुष्कळ घटकांना ओ देण्याची सोय नसते. म्हणून पटल घडविणाराच त्यांची यादी लिहून देतो व गाभा ती प्रमाण मानतो.

महाराष्ट्रापुरते पाहता या संदर्भात पुण्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९८८ मध्ये तेथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे घटक म्हणजे इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. प्रत्येक ट्रान्सप्युटरास चार दुवे असत व ते हवे तसे जोडता येत. त्यामुळे अशा जाळ्यात कोण कोणाशी जोडला आहे हा प्रश्न बाहेरून सुटेना. त्यासाठी ट्रान्सप्युटर वापरणाऱ्यांत एक विशिष्ट जातीची आज्ञावली प्रचारात आली. ती एका घटकात शिरे, तेथून चारही दुव्यांनी शेजाऱ्यांकडे स्वतःची प्रत धाडी आणि परत आलेल्या उत्तरांवरून जाळ्याचा नकाशा तयार करी. तिला 'वर्म', म्हणजे किडा, असे म्हणत. घरोघर फिरून केलेली ही खानेसुमारीच होय.

६

या सर्व विवेचनाचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका प्रसंगाने देतो. एका महाविद्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'संगणक, इतके नग' एवढीच नोंद होती. काही वर्षांनी त्यांतील काही यंत्रांत रॅमची एकेक पट्टी कमी असल्याचे आढळले व प्रयोगशाळा-साहाय्यकाकडे खुलासा मागण्यात आला. पट्टी चोरीस गेली, दुरुस्तीत बदलली, की मुळातच नव्हती, हे ठरविण्यास कोणतेही साधन नव्हते. वहीवर दरवर्षी सही होत होती. हजेरी एकदाही घेतलेली नव्हती. त्या गृहस्थांचा दोष सिद्ध झाला नाही, आणि निर्दोषत्वही सिद्ध झाले नाही. निवृत्तीपर्यंत हा संशय त्यांच्या मागे राहिला.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून बखरीपेक्षा समकालीन कागदास अधिक मोल दिले. त्यांचे देहावसान १९२६ मध्ये धुळे येथे झाले व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. त्यांची शिस्त आपल्या प्रयोगशाळांना लावावयाची तर इतके पुरे आहे : प्रत्येक यंत्राची हजेरी खरेदीच्या दिवशी व नंतर दरवर्षी घ्यावी, तारीख घालून जपावी, आकडे व नावे दोन्ही ठेवावीत आणि कोणती माहिती हजेरीची, कोणती वहीची व कोणती कैफियतीची हे समासात लिहावे. आकडे ठेवावयाचे ते अशासाठी की, नावांची यादी दुरुस्त होत जाते, उपकरणाने दिलेला आकडा मात्र यादीबरोबर बदलत नाही.

भाषेच्या अभ्यासकास आणखी एक काम येथे करता येईल. या यादीत तीन थर आहेत : उत्पादकाचे नाव, उपकरणाचे नाव आणि उपकरणाचा वर्ग. पहिली दोन विशेषनामे असल्याने त्यांचे केवळ लिप्यंतर करावयाचे. तिसरे सामान्यनाम आहे व वर्ग थोडे आहेत : ०१ साठवण, ०२ जाळेजोडणी, ०३ दृश्यपट, ०६ सेतू, इत्यादी. एवढ्या नावांचे मराठीकरण एका विभागास एका सत्रात करता येण्याजोगे आहे. ते झाल्यास निदान अनोळखी उपकरण कोणत्या जातीचे आहे, हे खानदेशातील विद्यार्थ्यास आपल्या भाषेत वाचता येईल. आणि पुढे एखाद्या साहाय्यकाकडे खुलासा मागितला गेला, तर त्याच्या बाजूने बोलणारा एखादा कागद तरी दप्तरात असेल.