सरदार पणिक्कर : वकिली, विद्या आणि कादंबरी

भोपाळच्या मातीला तहनाम्यांचे नवल नाही. येथून फारशा दूर नसलेल्या दुराहा सराई येथे जानेवारी १७३८ मध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांनी निजामास तह करण्यास भाग पाडले आणि माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. एका दरबाराच्या वतीने दुसऱ्या दरबारी बोलणी करणाऱ्या पुरुषास त्या काळी ‘वकील’ म्हणत. दिल्लीस पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्याची पत्रे आज इतिहासाची मोलाची साधने मानली जातात. राजकारणातील ही वकिली, इतिहासाचे अध्ययन-अध्यापन आणि कादंबरीलेखन अशा तिन्ही क्षेत्रांत अधिकाराने वावरणारा एक पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केरळात जन्मास आला. त्यांचे नाव सरदार कावालम माधव पणिक्कर.

केरळातील एका मुत्सद्द्याचे चरित्र आपल्या महाजनांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, पणिक्करांच्या कर्तृत्वाचा भोपाळशी दोन वेळा निकटचा संबंध आला. पहिला प्रसंग १९४७ चा, संस्थानिकांच्या राजकारणातला. दुसरा १९५५ चा. आणि त्याचा परिणाम आज बाग सेवनिया व आसपासच्या वसाहतींत राहणाऱ्या कित्येक मराठी घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून हा चरित्रपट येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

पणिक्करांचा जन्म १८९५ मध्ये त्रावणकोर संस्थानातील कावालम या गावी झाला. मद्रासचे शिक्षण आटोपून ते ऑक्सफर्डला गेले व आधुनिक इतिहासात प्रथम श्रेणी मिळवून, पुढे बॅरिस्टर होऊन परतले. आरंभी त्यांनी अलीगढ येथे इतिहास शिकविला. परंतु राष्ट्रीय चळवळीच्या त्या भारलेल्या दिवसांत वर्गाच्या चार भिंतींत त्यांचे मन रमेना. मद्रासच्या ‘स्वराज्य’ पत्रातून ते पत्रसृष्टीत आले आणि १९२४ मध्ये दिल्लीस निघालेल्या ‘हिंदुस्थान टाइम्स’च्या संपादकपदाची धुराही त्यांनी काही काळ वाहिली. त्यानंतर मात्र त्यांनी असे वळण घेतले की, त्यांचे अनेक स्नेही चकित झाले. ते संस्थानिकांच्या चाकरीत शिरले.

काश्मीर, पतियाळा आणि शेवटी बिकानेर अशी त्यांची ही वाटचाल. नरेंद्र मंडळाच्या कारभारातही त्यांचा हात होता. संस्थाने व ब्रिटिश हिंदुस्थान यांचे मिळून एक संघराज्य कसे उभारता येईल, या प्रश्नावर ग्वाल्हेर दरबारचे मुत्सद्दी कैलास नारायण हक्सर यांच्यासह त्यांनी १९३० मध्ये एक ग्रंथच लिहिला. राजेरजवाड्यांच्या पदरी राहूनही एकसंध भारताची कल्पना त्यांनी दृष्टिआड होऊ दिली नाही, याचा प्रत्यय १९४७ मध्ये आला. त्या वेळी ते बिकानेरचे दिवाण होते, तर भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते. संस्थानिकांनी घटना समितीत प्रवेश करण्याची घाई करू नये, असे नवाबांचे धोरण होते. बिकानेरचे महाराज सादुलसिंग यांनी एप्रिल १९४७ मध्ये त्या धोरणापासून फारकत घेतली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस बडोदे, कोचीन, पतियाळा आदी संस्थानांच्या प्रतिनिधींसमवेत बिकानेरचे प्रतिनिधी म्हणून पणिक्कर घटना समितीत जाऊन बसले. संस्थानिकांची फळी तेथे फुटली. भोपाळचा कारभार केंद्राच्या हाती येण्यास मात्र १ जून १९४९ ची तारीख उजाडावी लागली.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना १९४८ मध्ये चीनला राजदूत म्हणून धाडले. एक राजवट कोसळताना आणि दुसरी तिच्या जागी उभी राहताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. या काळातील दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तरच त्यांच्या वकिलीचे खरे मोजमाप होते. ऑक्टोबर १९५० च्या आरंभी, मध्यरात्रीच्या सुमारास, चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना बोलावून घेतले आणि अमेरिकी सैन्याने कोरियातील अडतिसावी अक्षांश रेषा ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, असे स्पष्ट बजावले. पणिक्करांनी हा निरोप तत्काळ दिल्लीस कळविला व दिल्लीने तो पुढे पोहोचविला. अमेरिकेने त्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीपूर्वी चिनी फौजा कोरियात लढत होत्या. दूताचा निरोप अक्षरशः खरा ठरला होता.

परंतु त्याच महिन्यात चिनी सैन्य तिबेटातही घुसले; आणि तेथे मात्र पणिक्करांची दृष्टी कमी पडली, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात पेकिंगमधील आपल्या राजदूताच्या भूमिकेबद्दल तीव्र नापसंती आहे. पाश्चात्त्यांच्या वर्चस्वातून आशिया मुक्त होत आहे, या विचाराने पणिक्कर इतके भारावले होते की, मुक्त झालेला एक बलाढ्य शेजारी दुसऱ्या दुबळ्या शेजाऱ्याशी कसा वागेल, याचा अंदाज त्यांना आला नाही, असे म्हणणे भाग आहे. चरित्रनायकाच्या गौरवाच्या भरात ही उणीव झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

आता त्यांच्या लेखणीकडे वळू. इतिहासकार म्हणून त्यांनी मलबारातील पोर्तुगीजांवर १९२९ मध्ये आणि तेथील डचांवर १९३१ मध्ये ग्रंथ लिहिले. हा विषय आपल्या समाजास परका नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोमंतकातील जी सारस्वत घराणी आपली दैवते घेऊन दक्षिणेकडे निघाली, त्यांतील कित्येक कोचीस स्थिरावली. तेथील तिरुमला देवस्थान त्यांनीच नावारूपास आणले. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतली. ज्या संघर्षाची झळ आपल्या देवस्थानांना व महाजनांना लागली, तोच संघर्ष पणिक्करांनी दोन्ही बाजूंचे कागद तपासून अभ्यासिला. पुढे १९५३ मध्ये त्यांचा आशिया व पाश्चात्त्य वर्चस्व या विषयावरील विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. वास्को द गामाच्या आगमनापासून, म्हणजे १४९८ पासून, पुढील साडेचारशे वर्षांचे एकच युग कल्पून त्याचा हिशेब मांडणारी ती दृष्टी मलबारच्या त्या जुन्या अभ्यासातूनच वाढलेली होती.

मात्र इंग्रजी ग्रंथांत न मावणारे काहीतरी त्यांच्या मनात होते आणि ते त्यांनी आपल्या मातृभाषेत, मल्याळममध्ये, कादंबरीच्या रूपाने लिहिले. ‘परंकिप्पडयाळी’ या कादंबरीच्या नावातच पोर्तुगीज शिपाई आहे. परंतु त्यांची कीर्ती विशेषकरून ज्या कृतीवर उभी आहे, ती १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘केरळसिंहम्’. तिचा नायक पळश्शीचा केरळ वर्मा राजा. म्हैसूरच्या टिपूशी झालेल्या तहाने मलबार कंपनीच्या ताब्यात आला. परंतु ज्या तहात आपणास कोणी विचारलेच नाही, तो या राजाने मानला नाही. वायनाडच्या अरण्यात, कुरिच्यांसारख्या वनवासी धनुर्धरांच्या साहाय्याने, त्याने अनेक वर्षे झुंज दिली आणि ३० नोव्हेंबर १८०५ रोजी तो मारला गेला. त्याच्यावरील मोहिमेची सूत्रे काही काळ आर्थर वेलस्लीकडे होती. असई आणि अडगाव येथे १८०३ मध्ये मराठ्यांचा पराभव करणारा तो हाच सेनापती. मराठी वाचकास या कादंबरीच्या विषयाविषयी आपुलकी वाटावी, ती यामुळेच. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना हा सिंहही ओळखीचाच वाटेल.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे लिखाण पणिक्करांनी केले ते बिकानेरच्या सेवेत असताना. दिवसा राजवाड्यात बसून तहाची व कराराची कलमे घडवावीत, आणि लेखणी मोकळी होताच, तह झुगारून अरण्यात गेलेल्या माणसाची कथा लिहावी, असा तो क्रम होता. कागदावर ज्यांच्या सह्या होतात त्यांचा इतिहास लिहिता येतो. परंतु ज्यांच्या डोक्यावरून तो कागद फिरतो, त्यांच्या मनाचा ठाव घ्यावयाचा तर कादंबरीच हाती घ्यावी लागते, हे या वकिलास पुरते ठाऊक असावे.

ही जाणीव असलेल्या माणसाच्या हाती पुढे देशाचा नकाशाच आला. डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाचे ते एक सदस्य होते. न्यायमूर्ती फाजल अली अध्यक्ष आणि पंडित हृदयनाथ कुंझरू हे दुसरे सदस्य. आयोगाकडे दीड लाखांहून अधिक निवेदने व कागदपत्रे आली. नऊ हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे त्याने ऐकले. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर झाला. उत्तर प्रदेश हे राज्य अवाजवी मोठे असून त्याचे विभाजन व्हावे, अशी स्वतंत्र टिपणी पणिक्करांनी त्यास जोडली.

त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश घडवावा, अशी आयोगाची शिफारस होती. नव्या राज्याच्या राजधानीसाठी त्याने जबलपूर सुचविले होते. प्रत्यक्षात विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण संपले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. आयोगाचे म्हणणे जसेच्या तसे मान्य होते, तर आपल्यातील पुष्कळ घरे आज कदाचित जबलपुरास असती. नागपूरच्या सचिवालयातील जे कर्मचारी नव्या राज्याच्या वाट्यास आले, त्यांना बिऱ्हाड हलवून भोपाळला यावे लागले. ग्वाल्हेर-इंदुराकडून मराठी मंडळी आली. पुढे अवजड विद्युत उपकरणांच्या कारखान्यामुळेही अनेकजण आले. शहर दक्षिणेकडे पसरत गेले आणि बाग सेवनियासारखे बाहेरचे गावही त्यात सामावले गेले. मुलांची शाळा बदलली, भाषेचा भोवताल बदलला, कुळाचाराचे देव नव्या गावच्या भिंतीतल्या देवळीत मांडले गेले. दीड लाख निवेदनांत या देवळीची नोंद असणे शक्यच नव्हते.

आयोगाचे काम संपताच पणिक्कर १९५६ मध्ये फ्रान्सला राजदूत म्हणून गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केरळ साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पॅरिसहून परतल्यावर ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. पण आयुष्याच्या अखेरीस त्यांनी पुन्हा विद्येचे क्षेत्र जवळ केले. १९६१ मध्ये ते जम्मू व काश्मीर विद्यापीठाचे आणि १९६३ मध्ये म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हैसूर येथेच १० डिसेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. अलीगढच्या वर्गातून निघालेला प्रवास अशा रीतीने विद्यापीठातच संपला. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांचे उदाहरण याच्याशी मिळतेजुळते आहे. ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्तपद १९४४ ते १९४७ या काळात भूषविल्यानंतर तेही पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

बाग सेवनियाजवळील ज्या विद्यापीठात आपली मुले शिकतात, ते १९७० मध्ये भोपाळ विद्यापीठ म्हणून स्थापन झाले. १९८८ पासून ते बरकतउल्ला यांच्या नावाने ओळखले जाते. या भोपाळच्या सुपुत्राने टोकियोस हिंदुस्थानी भाषा शिकविली, आणि १९१५ मध्ये काबूल येथे स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे पंतप्रधानपद स्वीकारले. त्यांचा प्रवास अध्यापनातून राजकारणाकडे, तर पणिक्करांचा उत्तरकाळ राजकारणातून विद्येकडे. विद्या आणि राजकारण ही परस्परांची वैरिणी नव्हेत, एवढे या दोन्ही चरित्रांतून आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

पणिक्करांच्या राजकीय निर्णयांविषयी मतभेद राहतील. तिबेटविषयी तर ते राहणारच. त्यांनी सुचविलेले नकाशेही पुढे बदलले. विदर्भ आणि मराठवाड्यासह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला. मध्य प्रदेशातूनही २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. परंतु पळश्शीच्या राजाची कथा केरळात आजही वाचली जाते.

आपल्या महाजन संस्थेच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य सूचित होते. देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, पूजेचे क्रम, मानपानाच्या याद्या हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपत आलो. त्याच जोडीने, आपली घरे येथे कोणत्या वर्षी, कोठून व कशासाठी आली, येताना काय आणले आणि काय मागे राहिले, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवण्याचे काम प्रत्येक कुटुंबाने हाती घ्यावे. १९५६ साली जे विशी-पंचविशीत होते, त्यांतील फार थोडे आज आपल्यात आहेत. आयोगाचा अहवाल ग्रंथालयात सुरक्षित राहील. या घरांची हकीकत मात्र आपण लिहिली तरच उरेल. एवढी नम्र विनंती महाजन मंडळींच्या चरणी सादर करून हा लेख पुरा करतो.