आकडा आहे, नावं कुठे आहेत?

परवा शनिवारी अलिबागला जाताना पेणला चहाला थांबलो. पेण म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मूर्तीच आठवतात. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालयही इथेच आहे, हे मला पाटी दिसेपर्यंत माहीत नव्हतं! रायगडातल्या शासकीय आश्रमशाळा याच कार्यालयाकडे येतात.

घरी येऊन वाचत बसलो. शासकीय आश्रमशाळांची योजना १९७२-७३ ची. हेतू चांगलाच होता. इथली कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मग पोरांनी शिकायचं कुठे? म्हणून निवासी शाळा.

पण त्यातली काही पोरं घरी परत आलीच नाहीत. राज्यातल्या आश्रमशाळांत दहा वर्षांत ७९३ मुलं दगावली, असं मुंबई उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेत म्हटलं होतं. कारणं काय, तर साप चावणं, विंचू चावणं, ताप, किरकोळ आजार. २०१६ मध्ये राज्यपालांनी डॉ. सुभाष साळुंखे यांची समितीही नेमली होती.

हे वाचताना कॅनडा आठवला. तिथे आदिवासी मुलांना सक्तीने उचलून निवासी शाळांत टाकलं, त्यांची भाषा मोडायला. आपल्याकडे तसं नाही, आईबाप विश्वासाने स्वतः आणून सोडतात. (म्हणजे जबाबदारी उलट वाढतेच ना?) तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं की नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांचं नावच लिहिलेलं नाही, आणि सुमारे निम्म्या मृत्यूंचं कारणही नाही. मग त्यांनी नावं शोधायला घेतली. २०१९ मध्ये २,८०० नावं ५० मीटर लांब लाल कापडावर लिहून सगळ्या देशासमोर मांडली.

आमच्या कंपनीत रात्री सर्व्हर तासभर बंद पडला, तरी दुसऱ्या दिवशी 'रूट कॉज'चा रिपोर्ट द्यावा लागतो. काय झालं, कधी कळलं, कोणी काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार... सर्व्हरसाठी हे सगळं! वसतिगृहात तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात किती वाजता नेलं, हे त्याच्या आईबापांना लेखी मिळायला नको?

भरपाई वगैरे नंतर. आधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि खरं कारण. न्यायाची सुरुवात तिथूनच होते. मी वाचलेल्या बातम्यांत मात्र फक्त आकडे होते.

अलिबागचे फोटो पुढच्या वेळी टाकतो. आज मन नाही.