१०३ ताप आणि डिस्चार्ज

२५ सप्टेंबर २०१४, रात्री साडेदहानंतर. डॅलस, टेक्सस. थॉमस एरिक डंकन प्रेस्बिटेरियन रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येतात. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय. ताप १००.१. लायबेरियातून डॅलसला येऊन त्यांना पाचच दिवस झालेत. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या भागातली इबोलाची साथ ही आंतरराष्ट्रीय आणीबाणी असल्याचं जाहीर करून दीड महिना उलटून गेलाय.

मध्यरात्रीच्या सुमारास. सिस्टर विचारतात, कुठून आलात? डंकन सांगतात. सिस्टर संगणकात लिहून ठेवतात : आफ्रिकेतून आले, २० सप्टेंबर. नेमका हवा तो प्रश्न विचारला गेला, उत्तरही खरं मिळालं. पण ते कुणी डॉक्टरांच्या कानावर घातलं नाही.

पुढचे दोन-तीन तास. रक्त तपासलं जातं, सीटी स्कॅन होतो. तापावर टायलेनॉल.

पहाटे ३ वाजून गेलेत. ताप १०३. संगणकावर त्या आकड्यापुढे उद्गारचिन्ह उमटतं.

साडेतीननंतर. ताप १०१.२. निदान सायनसचं. अँटिबायोटिक लिहून देतात आणि डंकन यांना घरी सोडतात.

इथे थांबायलाच हवं. माणूस आला तेव्हा ताप १००.१ होता आणि निघाला तेव्हा १०१.२. म्हणजे येताना होता त्यापेक्षा जास्त ताप अंगात घेऊन तो दाराबाहेर पडला. अर्ध्या तासापूर्वीच्या १०३ च्या शेजारी १०१.२ ठेवलं की उतार पडल्यासारखं वाटतं, पण टायलेनॉलनं खाली आलेला आकडा म्हणजे बरं होणं नव्हे. उपचार लागू पडले का, हे ठरवायचं तर पहिला आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी मांडायला एक मिनिट पुरतं. आपल्याकडे ‘डिस्चार्ज मिळाला’ म्हटलं की घरात आनंद होतो, शेजारी पेढे मागतात. त्या शब्दावर आपला इतका विश्वास असतो, म्हणूनच तो उच्चारण्याआधी कुणीतरी त्या मिनिटभरासाठी थांबायला हवं. त्या पहाटे कुणी थांबलं असतं, तर संगणकातली आफ्रिकेची ओळही कदाचित नजरेला पडली असती.

२६ आणि २७ सप्टेंबर. डंकन आपल्या होणाऱ्या पत्नीच्या घरी. त्याच घरात आणखी माणसं, एक शाळकरी मुलगाही. सायनसच्या गोळ्या चालू आहेत आणि आजार वाढतो आहे.

२८ सप्टेंबर, सकाळी दहाच्या सुमारास. रुग्णवाहिका त्यांना पुन्हा त्याच रुग्णालयात आणते. या वेळी संशय येतो आणि त्यांना वेगळं ठेवलं जातं.

३० सप्टेंबर. अहवाल येतो : इबोला. अमेरिकेच्या भूमीवर निदान झालेला पहिला रुग्ण.

२ ऑक्टोबर. रुग्णालय कारण देतं : सिस्टरची नोंद आणि डॉक्टरांची नोंद संगणकात वेगवेगळी राहते, त्यामुळे प्रवासाची माहिती डॉक्टरांपर्यंत आपोआप गेली नाही. दुसऱ्याच दिवशी रुग्णालय हे विधान मागे घेतं. ती माहिती डॉक्टरांनाही दिसत होती, संगणकात दोष नव्हता. मला या सगळ्यातलं सर्वांत जड वाक्य हेच वाटतं. यंत्र बिघडलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं. इथे ओळ समोर असूनही तिच्यावर नजर थांबली नव्हती.

८ ऑक्टोबर, सकाळी ७ वाजून ५१ मिनिटं. डंकन यांचा मृत्यू.

त्यानंतरच्या आठवड्याभरात अतिदक्षता विभागात त्यांची शुश्रूषा केलेल्या दोन परिचारिकांना इबोला झाल्याचं निदान होतं. दोघीही पुढे बऱ्या होतात.

२० ऑक्टोबर. डंकन यांच्यासोबत त्या घरात राहिलेल्यांचे देखरेखीचे २१ दिवस पूर्ण होतात. त्यांच्यापैकी एकालाही लागण झालेली नाही.