सिसलॉग
सिसलॉग : संगणकावरील घडामोडींच्या नोंदी एकाच साच्यात लिहिण्याची व पाठविण्याची प्रमाण पद्धती. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) सेंडमेल या ईमेल-प्रणालीसाठी ती तयार केली. पुढे ती युनिक्स प्रणालींत रुळली. प्रोग्राम सी, जावा वा पायथन यांपैकी कोणत्याही भाषेतला असो, प्रत्येक नोंदीला स्रोतवर्ग (० ते २३) आणि तीव्रता (० आणीबाणी ते ७ डीबग) यांचे क्रमांक असतात. स्रोतवर्गाच्या आठपटीत तीव्रता मिळविली की अग्रक्रमांक येतो. उदा., नोंदीच्या आरंभीचा ३४ हा आकडा सुरक्षाविषयक (४) गंभीर (२) घटना दर्शवितो. त्यामुळे निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदी एकत्र चाळता येतात. जुन्या नमुन्यातील वेळेत वर्ष व कालविभाग नसे. आरएफसी ५४२४ (२००९) या मानकाने ती उणीव दूर केली.