बसरा मोती, नाखवा आणि उचल

आपल्याकडे नथीतल्या जुन्या मोत्याला अजूनही 'बसरा मोती' म्हणतात. बसरा हे इराकमधलं बंदर, तिथे मोती पिकत नाहीत. ज्या बाजारातून माल आला त्याचं नाव मालाला चिकटलं, एवढंच. मोती निघायचे ते आखाताच्या उथळ समुद्रात, कुवेत-बहारीनपासून मी सध्या राहतो त्या अबू धाबी-दुबईपर्यंत. म्हणजे मंडळी, ज्या नथीवरून आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी एकमेकींशी अबोला धरला, तिचा कच्चा माल माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यातून आला असण्याची दाट शक्यता आहे.

इथे एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. पूर्वी लोक मोती काढत. मग जपानमध्ये मिकिमोटोने शिंपल्यात मोती 'पिकवले', धंदा बुडाला, लोक उपाशी राहिले, मग तेल सापडलं आणि सगळे सुखी झाले. टेक्नॉलॉजीच्या कॉन्फरन्समध्ये ही गोष्ट हमखास एका स्लाइडवर येते आणि हल्ली पुढच्या स्लाइडवर एआय असतो. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातून जे गाळलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी धंदा केवढा होता ते बघा. लॉरिमर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थान सरकारसाठी आखाताचं भलंमोठं गॅझेटियर तयार केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपूर्ण आखातात सुमारे साडेचार हजार होड्या आणि ७४ हजार माणसं या कामावर होती, असा त्याचा हिशेब आहे. आधीच लोकसंख्या तुरळक, त्यात एवढी माणसं. मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे इथे एसीतही जीव नकोसा होतो ते महिने. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, बोटांना चामड्याच्या टोप्या घालायचा, दगडाच्या वजनाने तळाशी जायचा आणि मिनिट-सव्वा मिनिटात हाताला लागतील ते शिंपले टोपलीत भरायचा. वर दोर धरून बसलेला जोडीदार त्याला ओढून घ्यायचा. दिवसभरात अशा कित्येक डझन बुड्या. दिवसा पोटात खजूर आणि कॉफी, भात-मासे रात्री. काही पाणबुडे तर चक्क गुलाम होते, त्यांच्या वाट्याची कमाईही मालकाची.

मोती जायचे मुंबईला. तिथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, सर ओवले जायचे आणि मग ते पॅरिस-लंडनला रवाना व्हायचे. किंमत ठरवायला 'चव' नावाचं एक माप होतं. ते वजनाच्या वर्गावर चालतं, म्हणजे मोती दुप्पट वजनाचा झाला की चव चौपट. इंजिनियर माणसाला गहिवरून यावं असं सुंदर गणित! १९११-१२ मध्ये पॅरिसचा जाक कार्तिए मुंबईच्या व्यापाऱ्यांना टाळून थेट माल मिळतो का हे बघायला बहारीनला येऊन गेला, यावरून मुंबईचा दबदबा लक्षात यावा. व्यवहार अर्थातच रुपयात. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालायचा.

होडीच्या कप्तानाला इथे नाखुदा म्हणतात. आपल्या कोळ्यांचा नाखवा तो हाच. हंगामाआधी नाखुदा पाणबुड्याला आगाऊ पैसे द्यायचा, घरी चार महिने चूल पेटती राहावी म्हणून. नाखुदाने ते व्यापाऱ्याकडून आणलेले, तांदूळही त्याच्याचकडचा, हिंदुस्थानातून आलेला. हंगाम संपला की हिशेब. त्यात पाणबुड्याकडे काहीतरी बाकी निघायचीच, कारण हिशेब लिहिणारा नाखुदा आणि अंगठा उठवणारा पाणबुड्या. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्याच्या होडीवर जाता येत नसे. तो मेला तर कर्ज मुलाच्या किंवा भावाच्या गळ्यात.

हे वाचताना बीडच्या माणसाला परकं असं काही वाटणार नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं, ज्याला 'कोयता' म्हणतात, ते दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतं, कारखान्यावर जातं, हंगामाअखेरीस बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीला जोडली जाते. मुकादम हा शब्दही अरबीच. शब्दांबरोबर पद्धतही बोटीतून आली असं मला म्हणायचं नाही. कुणी न शिकवताही दोन्हीकडे सारखीच सुचली, हेच जास्त खटकतं.

आता मिकिमोटो. १८९३ मध्ये त्याला पहिला अर्धगोल मोती मिळाला. गोल मोत्यांचं तंत्र पुढच्या दोन दशकांत बसलं आणि १९२१ मध्ये ते मोती लंडनच्या बाजारात आल्यावर जवाहिऱ्यांची गाळण उडाली. हे नकली आहेत म्हणावं, तर बाहेरून ओळखता येईनात. मोत्याच्या आत काय आहे हे बघायला एक्स-रेचा आधार घ्यावा लागला. १९२४ मध्ये पॅरिसच्या कोर्टातही निकाल मिकिमोटोच्या बाजूने लागला.

यातली गंमत पुढे आहे. आधुनिक पाणबुडी पोशाख आणि नवी साधनं घेऊन येणाऱ्या परदेशी कंपन्यांना इंग्रजांनी आखातातून कटाक्षाने लांब ठेवलं होतं, इथल्या लोकांचा रोजगार टिकावा म्हणून (आणि आपला वचक टिकावा म्हणूनही). यंत्राला समुद्रात यायला बंदी होती, ते आलंच नाही. ते हजारो किलोमीटरवर जपानच्या एका खाडीत शिरलं. मग १९२९ ची मंदी आली आणि मोत्यांचे सर घेणारी श्रीमंत मंडळीच खंक झाली. मिकिमोटो एकटा गुन्हेगार नव्हता, साथीदार बरेच होते. १९४७ नंतर स्वतंत्र भारताने आखाती मोत्यांच्या आयातीवर जबर कर लावला, तो शेवटचा घाव.

स्लाइडवर 'मग तेल सापडलं' हे तीन शब्दांत उरकतं. अबू धाबीत तेल सापडलं १९५८ मध्ये, पहिली निर्यात १९६२ मध्ये. मंदीपासून मोजले तर तीस-बत्तीस वर्षं झाली. तीस वर्षांत पाणबुड्याचा मुलगा म्हातारपणाकडे झुकतो. मधल्या काळात महायुद्धात बाहेरून येणारं धान्य तुटलं आणि या किनाऱ्यावर उपासमार झाली.

आणि कर्ज? मोत्याची किंमत कोसळली म्हणून कर्जाची रक्कम कोसळत नाही. बहारीनमध्ये १९२० च्या दशकात इंग्रजांच्या दडपणाखाली सुधारणा झाल्या, प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही मिळाली. चांगलंच झालं. पण आगाऊ रक्कम कमी केली तेव्हा, १९३२ मध्ये, पाणबुड्यांनीच दंगल केली. सुधारकांना याचं नवल वाटलं असणार. मला वाटत नाही. उचल हा फास खरा, पण घरात येणारा रोख पैसाही तोच होता. दुसरी सोय न करता तो आवळून कमी केला तर माणूस ओरडणारच.

वरच्या मजल्यावरच्या मंडळींचं काय झालं तेही सांगतो. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली कार्तिएने १९१७ मध्ये मोत्यांचा दुपदरी हार आणि वर शंभर डॉलर देऊन घेतली. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये तो हार दीड लाखाच्या आसपास विकला गेला. हवेली अजून कार्तिएकडेच आहे. मोती काढणाऱ्यांपैकी कुणालाही जोखीम अशी हवेलीत बदलून घेण्याची सोय नव्हती.

आम्ही इंजिनियर लोक यंत्राची किंमत काढताना वाचलेली मजुरी मोजतो. पीएचडीत मला हेच शिकवलं आणि मीही हेच करतो. आता उसात हार्वेस्टर वाढू लागले आहेत. ऊसतोडीसारखं कंबर मोडणारं काम यंत्राने करावं याला माझी तरी हरकत नाही. पण ज्या वर्षी मुकादम 'यंदा माणसं नकोत' म्हणून सांगेल, त्या वर्षी मागच्या बाकीचं काय करायचं, हा रकाना कुणाच्या तरी एक्सेलमध्ये असायला हवा. मी पाहिलेल्या एक्सेलमध्ये तो नव्हता.

जाता जाता: रास अल खैमाजवळच्या खाडीत २००० नंतरच्या दशकात एका अमिराती माणसाने जपानी भागीदाराच्या मदतीने शिंपल्यांची शेती सुरू केली. आजोबा पाणबुडे, नातू कल्चर मोती पिकवतो. पर्यटकांसमोर शिंपला उघडून मोती काढून दाखवतात.